बारा खाटांचे सुभेदार

सुभेदार, तुमचा शेवटचा अर्ज मी न वाचता मंजूर केला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून आधी तुम्हालाच सांगते.

तुमचे अर्ज वाचायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. नऊ वर्षांत तुम्ही माझ्या प्रसूतिगृहाचे व्यवस्थापक म्हणून इतके अर्ज दिलेत, की वाचत बसले असते तर बाळंतपणं रिक्षात झाली असती. पंखा कुरकुरतोय, अर्ज. फिनेल संपलं, अर्ज. निळ्या शाईत, वर विषय, खाली संदर्भ, शेवटी ‘आपला आज्ञाधारक’, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती. मी तपासणीच्या खोलीत असायचे, समोर पोट सांभाळत बसलेली बाई, आणि तुम्ही टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात कागद ठेवून एक पाऊल मागं सरकून उभे.

त्या मंगळवारी सकाळीही तसंच झालं. मी सही केली. तुम्ही “थँक्यू, डॉक्टर साहेब” म्हणालात आणि गेलात. पाऊण वाजता फोन आला. मग मी ट्रेमधली कार्यालयीन प्रत उचलली. ‘विषय: एक तासाच्या रजेबाबत. कारण: छातीत डाव्या बाजूस किरकोळ त्रास, तपासून घेणे.’

मी डॉक्टर आहे, सुभेदार. माझ्यापासून दीड हातावर उभ्या असलेल्या माणसानं छातीत दुखतंय असं मला लेखी कळवलं, आणि मी त्यावर ‘मंजूर’ लिहिलं.

तुम्हीही कमी नाही. रिक्षा करून हृदयाच्या दवाखान्यात गेलात, टोकन घेतलंत. अकरा नंबर. काउंटरवरच्या मुलीनं काय होतंय विचारलं तर “चेकअप” एवढंच म्हणालात. आठवा नंबर आत असताना खुर्चीत बसल्या बसल्याच गेलात. पाठ इतकी ताठ होती, की शेजारच्या माणसाला वाटलं, यांना डुलकी लागलीय. आपल्या दारात ‘कळा सुरू असल्यास रांग नाही’ अशी पाटी तुम्हीच रंगवून लावली होती. नसीम आपा, आपली वीस वर्षं जुनी आया, ती बातमी ऐकून पायरीवर बसली आणि म्हणाली, “खुद के वास्ते एक बोर्ड नहीं लगाया इसने.” मग तिनं तुम्हाला दोन शिव्या दिल्या. त्या इथं लिहीत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो मे महिना होता. बाहेर सिडकोचा रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि तुम्ही गळ्यापर्यंत बटणं लावलेला निळा ब्लेझर घालून. मी बसा म्हटलं तर खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर बसलात. फाइल उघडली. फौजेतली अठ्ठावीस वर्षं, वैद्यकीय शाखा, नर्सिंग असिस्टंट. बर्फानं काळे पडलेले पाय, गोळीच्या जखमा, हेलिकॉप्टर येईपर्यंत हातानं दाबून धरलेल्या रक्तवाहिन्या. आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत तीन नोकऱ्या.

“पहिली का सोडली?” मी विचारलं.

“वाळूजला कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होतो. साहेबांच्या गाडीला सॅल्यूट मारायचा नियम होता.”

“मग?”

“एक दिवस गाडीत साहेब नव्हते. ड्रायव्हर सर्व्हिसिंगला घेऊन चालला होता. रिकाम्या सीटला सॅल्यूट मारला नाय, तर मेमो आला.”

“दुसरी?”

“कोचिंग क्लासच्या होस्टेलवर वॉर्डन. पहाटे साडेचारला शिट्टी मारली.”

“मुलांनी तक्रार केली असेल.”

“मुलांनी नाय. शेजारच्या दोन सोसायट्यांनी.”

तिसरी साड्यांच्या दुकानातली होती. तिथं तुम्ही पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतंत, की ताई, नक्की कोणती साडी पाहिजे ते घरी ठरवा आणि मग या. दुकानदारानं तुम्हाला संध्याकाळपर्यंतसुद्धा ठेवलं नाही. हे सगळं तुम्ही चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत होता आणि मी पेपरवेट हातात धरून हसू दाबत होते. मला तेव्हाच अंदाज यायला हवा होता. मी तुम्हाला ठेवून घेतलं.

खरं तर मला तुम्ही परिचारक म्हणून हवे होतात. पण चौकशी केली तर कळलं, फौजेचं ते प्रमाणपत्र बाहेर चालत नाही. नोंदणी नाही म्हणजे रुग्णाला हात लावायचा नाही. ते तुम्हाला कसं सांगावं याचा मी दोन दिवस विचार केला.

“म्हंजी सुई नाय,” तुम्ही म्हणालात.

“नाही.”

“सलाइन?”

“तेही नाही. व्यवस्थापक म्हणून राहा. गर्दी, स्वच्छता, सामान, सगळं तुमच्याकडं.”

तुम्ही दोन्ही हात पाठीमागं बांधलेत. मला वाटलं ती फौजेची सवय असेल. नंतर कळलं, की रुग्णाच्या आसपास असलात की ते हात तुम्ही मुद्दाम मागं ठेवायचात. मी दोन वेळा संबंधित कार्यालयाला पत्र लिहिलं. अशी तरतूद नाही, असं उत्तर दोन्ही वेळा आलं. मी चिडले होते. तुम्ही ते फाइलला लावलंत आणि म्हणालात, “उत्तर आलं, डॉक्टर साहेब. टपाल चालू हाय म्हणायचं.”

छाया सिस्टर नवी होती तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. दौलताबादची एक बाई, अंगावर सूज, शीर सापडेना. छायानं तीनदा टोचलं, तिचे डोळे भरले, बाईचेही. तुम्ही दारात भिंतीकडं तोंड करून उभे राहिलात आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणालात, “मनगटाच्या दोन बोटं वर. सुई आडवी धर. घाई नाय. आता.” सलाइन सुरू झालं. छाया आजही अवघड शीर असली की आधी दाराकडं बघते. काल बघितलं तिनं.

पण पहिले दोन महिने तुम्ही आमचं जगणं हैराण केलंत, हेही लिहायला हवं. तुम्ही आलात ते शिट्टी घेऊन. भेटीची वेळ संपली की बारा खाटांच्या त्या लहानशा वॉर्डात तुम्ही अशी शिट्टी फुंकायचात, की नुकतीच झोपलेली सहा बाळं एकदम उठायची. तिसऱ्या दिवशी नसीम आपानं तुमच्या हातातून शिट्टी काढून घेतली, कमरेला खोचली आणि म्हणाली, “सुभेदार, इधर बच्चा पैदा होरा, जंग नहीं छिडी.” सुभेदार हुद्द्याच्या माणसानं एका आयाला “जी आपा” म्हटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग तुम्ही हातवारे सुरू केलेत. दोन बोटं वर म्हणजे खाटेजवळ दोघंच. तळहात खाली म्हणजे आवाज कमी. मूठ म्हणजे जागच्या जागी थांबा. बाहेरगावचे नातेवाईक ते बघून इतके गोंधळायचे, की घाबरून आपोआप गप्प बसायचे.

पिशोरहून एकदा जीपमधून सतरा माणसं उतरली. एक बाळंतीण, सतरा माणसं, त्यात तीन सासवा, म्हणजे सख्खी, चुलत आणि एक नुसतीच बरोबर आलेली. दुसऱ्या कुणी भांडण केलं असतं. तुम्ही सगळ्यांना बाहेर लिंबाखाली उभं केलंत आणि सांगितलंत, “दोघं आघाडीवर जातील. पंधरा जण राखीव दल. राखीव दलाचं काम लई महत्त्वाचं असतं. बोलावणं येईपर्यंत जागा सोडायची नाय.” ती पंधरा माणसं चार तास हलली नाहीत. एक आजोबा लघवीला जाताना तुम्हाला विचारून गेले.

आणि तुमची जन्माची वर्दी. आमच्याकडं पद्धत अशी, की आया दारातून डोकं बाहेर काढून “पोरगा झाला” किंवा “पोरगी झाली” म्हणायची आणि ओवाळणीसाठी हात पुढं करायची. ते तुम्ही बंद पाडलंत. नसीम आपा त्यावरून आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही. तुम्ही व्हरांड्यात यायचात, टाचा जुळवायचात आणि सांगायचात, “श्रीमती सविता, अकरा वाजून सतरा मिनिटं. कन्या. वजन दोन किलो आठशे. माता आणि बालक दोन्ही ठीक. काही प्रश्न?”

एकदा एक आजीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “पुन्हा पोरगीच का?”

“आजी, पोस्टिंग वरून आलंय,” तुम्ही म्हणालात. “इथं बदलीचा अर्ज घेत नाय.”

ती बाई आधी तुमच्याकडं बघत राहिली आणि मग फिस्सकन हसली. त्या घरात त्या दिवशी पोरीसाठी पेढे आणले गेले. तुमच्या एका वाक्यानं माणसं बदलली, असा माझा दावा नाही. पण तोंड पाडून उभं राहायला तुमच्यासमोर लोकांना लाज वाटायची, एवढं मी पाहिलं.

या सगळ्या कडक कारभाराखाली काय होतं, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ते मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. प्रसूतिकक्षाच्या दारापाशी तुम्ही ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आला होतात आणि आत बाळ रडलं. नसीम आपा धावत बाहेर आली, मला म्हणाली, “मॅडम, फौजी गिर गया.” तुम्ही पडला नव्हता. स्टुलावर बसून रडत होता. अठ्ठावीस वर्षं रक्तात काढलेला माणूस एका बाळाच्या रडण्यानं इतका का हलला, ते मी विचारलं नाही. चार महिन्यांनी तुम्हीच चहा पिताना सांगितलंत.

तुमची प्रज्ञा झाली तेव्हा तुम्ही बर्फातल्या चौकीवर होता. पाचोडला तुमच्या पत्नी, कमलताई, दोन दिवस कळा देत होत्या. गावातली सुईण म्हणे शेवटी हात जोडून बसली होती. तुम्हाला पत्र मिळालं तेव्हा मुलगी दीड महिन्याची झाली होती. सुट्टीवर आलात तेव्हा सात महिन्यांची. मिशा बघून तिनं जे भोकाड पसरलं, ते तुमची सुट्टी संपेपर्यंत. “तिकडं मी दुसऱ्यांची माणसं वाचवत होतो,” तुम्ही म्हणालात, “आणि हिकडं माझीच दोन माणसं मरायला टेकली होती. मला पत्ता नाय.” बशीतला चहा गार झाला होता. मग लगेच उठलात आणि कुणाच्या तरी नवऱ्याला जिन्यात थुंकताना पकडलंत.

तिथूनच ते बाक आलं. प्रसूतिकक्षाच्या दाराशी एक लाकडी बाक, आणि बायको आत असेपर्यंत नवऱ्यानं त्यावरून उठायचं नाही. त्याआधी नवरे कुठं असायचे? समोरच्या पानटपरीवर, नाही तर मित्राच्या गाडीत. तुम्ही त्यांना तिथून गोळा करून आणायचात. “आत ती ड्यूटीवर हाय, तू भाईर ड्यूटीवर.” मी म्हणायचे, सुभेदार, स्ट्रेचर वळत नाही तिथं. तुम्ही बाक चार इंच सरकवायचात. दुसऱ्या दिवशी ते परत जागेवर.

बाकानं तुमचं समाधान झालं नाही. नवऱ्याला आत घ्या, असं सुरू झालं. ‘विषय: प्रसूतिकक्षात पतीची उपस्थिती. संदर्भ: तोंडी विनंती क्रमांक चार.’ मी लाल शाईत ‘नामंजूर’ लिहायचे. महिन्याभरानं पुन्हा. मी कारणं द्यायचे, की ते चक्कर येऊन पडतात, मोबाइल काढतात, आपल्याकडं जागा नाही. प्रत्येक कारणाला तुमच्याकडं उत्तर असायचं. मोबाइल मी जमा करून घेतो. पडला तर मी उचलतो.

खरं कारण मी तुम्हाला दिलं नाही. ते आता देते. मी आत शिव्या देते, सुभेदार. कळा देणाऱ्या बाईवर ओरडते, छायावर ओरडते, देवावरही ओरडते. बाहेर मी शांत डॉक्टर म्हणून प्रसिद्ध आहे आणि आतली मी कुणी बघू नये असं मला वाटतं. बास, एवढंच. तुम्ही नऊ वर्षं एका बाईच्या संकोचाशी कागदोपत्री लढत होता. आणि मेल्यामुळं तुम्ही हा वाद जिंकलात असं समजू नका. माझं अजूनही नाहीच आहे.

एका वादात मात्र मी साफ हरले. तो रक्तगटाचा.

तुम्ही आल्यापासून दारात एक वही ठेवली होती. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, फोन आणि रक्तगट. लोक वैतागायचे. बाळ बघायला आलेल्या मावशीला रक्तगट कशाला? मी तुम्हाला सरळ सांगितलं, की ही छावणी नाही, वही बंद करा. तुम्ही म्हणालात, “लेखी द्या, डॉक्टर साहेब.” मी लेखी द्यायचा आळस केला आणि वही चालू राहिली.

मग ती भर दुपार. कन्नडकडची एक मुलगी, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. बाळ नीट झालं आणि त्यानंतर रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकच पिशवी होती, ती तुम्ही स्वतः रिक्षानं जाऊन आणलीत. आत मी माझं काम करत होते. पिशवी निम्मी झाली आणि मला कळलं की एवढ्यानं भागणार नाही. मी दारातून ओरडले, “अजून लागेल, कुठूनही आणा.” तुम्ही वही उघडलीत.

सहा दिवसांपूर्वी एक बाळंतीण घरी गेली होती, तिचा नवरा ओ निगेटिव्ह. दौलताबादला किल्ल्यासमोर सीताफळं विकणारा. त्याला तुम्ही वॉर्डात गुटखा खाल्ला म्हणून दोन वेळा बाहेर काढलं होतं आणि शेवटच्या दिवशी त्यानं तुम्हाला जाता जाता काहीतरी ऐकवलंही होतं. तुम्ही फोन लावलात. नसीम आपा शेजारी होती, तिनं ते बोलणं मला शब्दशः सांगितलं.

“मी प्रसूतिगृहातून सुभेदार वाहूळ बोलतोय.”

“आता काय केलं मी?” तो म्हणाला.

“काय नाय केलं. एक बाई मरायला लागली. तुझं रक्त तिला चालतंय. दुसऱ्या कुणाचं नाय.”

तो म्हणाला, “पाटी शेजारच्याकडं देतो आन निघतो. तोंडात गुटखा हाय, चालंल का?”

“थुंकून ये,” तुम्ही म्हणालात.

तो मोटारसायकलवर आला, तुम्ही त्याला रस्त्यातच गाठून रक्तपेढीत पोचवलंत आणि परत आलात. वहीतून आणखी एक बाई सापडली, पडेगावची, कुणाची तरी आत्या, तीही आली. तपासण्या होऊन पिशव्या हातात पडेपर्यंत अडीच तास गेले. ते अडीच तास आम्ही आत आणि तुम्ही बाहेर कसे काढले, ते आपल्याला माहीत आहे. त्या मुलीचा नवरा बाकावर होता. छाया म्हणते, तुम्ही त्याच्या शेजारी बसला होता. नऊ वर्षांत तुम्ही त्या बाकावर बसलेला तेवढाच एक प्रसंग. तुम्ही त्याला काही धीराचं बोलत नव्हता. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून फक्त “अजून हाय” एवढं म्हणत होता.

संध्याकाळी रक्त थांबलं. मुलगी वाचली. मी बाहेर आले तर तुम्ही टाचा जुळवून उभे, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सॅल्यूट मारला. चुकीच्या हातानं. तुम्ही ती चूक मला दुसऱ्या दिवशी लेखी कळवलीत.

परवा पाचोडला तुमच्या जलदान विधीला गेले. मी आणि नसीम आपा, भाड्याची गाडी करून. मांडवात बुद्धवंदना झाली, तुमचा गणवेशातला फोटो होता, मिशा काळ्या होत्या. मी बायकांत बसले. तिथं कमलताईंना मी पहिल्यांदा निवांत भेटले. नऊ वर्षं तुम्ही दोघं पडेगावात राहिलात आणि एकदाही त्यांना दवाखान्यात आणलं नाहीत. ड्यूटीच्या जागी फॅमिली नको म्हणे.

मी त्यांना म्हटलं, “घरीसुद्धा इतकेच शिस्तीत असायचे का?”

त्यांनी माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. “शिस्त? अहो, हाक मारून मारून मी थकायची तवा उठायचे. चष्मा फ्रिजमधी सापडायचा. तुमच्याकडं वेळेवर यायचे का ते?”

सुभेदार, नऊ वर्षं मी तुमच्या येण्यावर घड्याळ लावलं. माझ्याशेजारी नसीम आपा पदरात तोंड घालून हसत होती आणि लोकांना वाटलं ती रडतेय. एका बाईनं तिची पाठ थोपटली.

मग तुमचे थोरले भाऊ आले, दादाराव. उंच माणूस, आवाज सगळ्या मांडवाला पुरेल असा. माझ्यासमोर उभे राहिले. “म्याडम, तुम्ही डॉक्टर ना? मंग एक खरं सांगा. शेषराव गावात सांगायचा, मी दवाखान्यात हाय. कुणी म्हणतं गेटवर बसायचा. फौजेत लोकांला सुया टोचायचा, आन शेवटी वॉचमन झाला का काय?”

कमलताई पुढ्यातल्या परातीतल्या तांदळाकडं बघत होत्या. मला खरं उत्तर माहीत होतं. नऊ वर्षांत तुम्ही एकही सुई टोचली नाही. आणि तुम्ही समोर असता तर तेच सांगा म्हणून हात मागं बांधून उभे राहिला असता.

“दवाखाना त्यांच्यावर चालायचा,” मी म्हटलं. “आणि सुई म्हणाल, तर त्यांच्या हातची सुई टोचलेली कळायचीसुद्धा नाही.”

दादारावांनी मान हलवली. दोनदा. मग वळून पुरुषांच्या बाजूला गेले आणि तेच वाक्य तिकडं मोठ्यानं सांगू लागले.

पंगत बसायच्या आधी कमलताई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लोटून म्हणाल्या, “तुम्ही खोटं बोललात.”

मी लोटलेल्या दाराकडं पाहिलं.

“त्यांला सुईला हात लावायची परवानगी नव्हती. मला सांगितलं होतं त्यांनी. पहिल्याच दिवशी.”

“मग मी तुमच्या जावा-दिरांसमोर…”

“ऱ्हाऊ द्या. भाऊजींला तसंच पाहिजे होतं.” त्या कोपऱ्यातल्या पिशवीतून एक छोटा डबा काढत होत्या. “आन सगळंच काय खोटं नाय बोललात. मला शुगर हाय. सात वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन तेच द्यायचे. उशिरा उठायचे, पण ते चुकलं नाय कधी. मी बोलत असायची आन त्यांचं देऊन व्हायचं. खरंच कळायचं नाय.”

डब्यात सुया होत्या, कापूस होता, आणि थंड पिशवीत बाटली. “प्रज्ञा देतीया आता. पण तिचा हात लई थरथरतो. पोरगी रडती आन सुई हलती. जेवायच्या आधी घ्यायचं असतंय. तुम्ही देता का?”

मी हात धुतले. औषध भरलं, बुडबुडा काढला. त्यांनी पदर सरकवला. पोटावर तुम्ही रोज जागा बदलत गेल्याच्या अगदी बारीक खुणा होत्या, ओळीनं, सारख्या अंतरावर. पुढची जागा कोणती ते त्यावरून सरळ दिसत होतं. मी तिथं सुई टोचली. पंचवीस वर्षं हे काम करतेय, सुभेदार, आणि त्या दिवशी मी आयुष्यात कधी घेतली नव्हती इतकी काळजी घेतली.

कमलताईंनी पदर नीट केला. माझ्याकडं बघितलं. त्यांना मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं, हे दिसत होतं.

“दुखलं थोडं,” त्या म्हणाल्या.